परसातला झोका

दुपारी जेवायला म्हणून अभयकुमार दुकानातून घरी आला, हात धुऊन ताटावर बसला, आणि पहिला घास तोंडाशी नेतानाच त्याला पोराचे तळवे दिसले. संयम हॉलमधल्या गार फरशीवर पालथा पडून पुस्तक वाचत होता, पाय गुडघ्यात मुडपून वर केलेले, आणि त्या दहा वर्षांच्या पायांच्या टाचांना, बोटांच्या मुळाशी टचटचीत फोड आलेले. एक फुटला होता. खालची कातडी ओली, गुलाबी. अभयने घास खाली ठेवला. ताटात अन्न ठेवून उठणं म्हणजे या घरात पाप, तरी तो उठला. "हे काय रे? काय झालं पायाला?" "काही नाही पप्पा. गच्चीवर चालतो ना दुपारी." "कशाला?" "विहाराची सवय." हे त्याने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, दुसरी पोरं क्लासला जाऊन आलो म्हणून सांगतात तसं. होळी नुकतीच झाली होती. होळीनंतर जळगावचं ऊन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बारा वाजले की कुत्रीसुद्धा गाडीखालची सावली सोडत नाहीत, आणि हा शहाणा तापलेल्या गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारतोय. का, तर साधू गावोगाव अनवाणी चालतात, उद्या आपल्यालाही चालायचंय! अभय स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. हिना फुलके करत होती. "तुला माहीत होतं?" "रोज तूप लावते," ती म्हणाली. "रोज सांगते. ऐकतो का?" आतल्या खोलीतून त्याच्या आईचा, धनकुंवरबाईंचा आवाज आला, "पुण्यवान जीव आहे तो. दटावू नकोस." अभय परत ताटावर बसला आणि ताट संपवलं, कारण टाकायचं नसतं.

हे सगळं सुरू झालं मागच्या चातुर्मासात. पावसाळ्याचे चार महिने साधू एका गावी थांबतात, तसे एक महाराजसाहेब जळगावच्या जैन स्थानकात थांबले होते. माणूस खरोखर गोड. रागावणं नाही, धाक नाही, मुलांशी मुलांसारखं बोलणं. दादीचं बोट धरून संयम प्रवचनाला जायला लागला, आधी शेवटी वाटतात त्या लाडवासाठी, मग लाडू न घेताच. दिवाळीपर्यंत त्याचं प्रतिक्रमण, रोजच्या दोषांची क्षमा मागायचा पाठ, तोंडपाठ झालं. सूर्य मावळला की घोटभर पाणीसुद्धा बंद. टीव्ही सुटला, मोबाइल सुटला, आइस्क्रीम सुटलं, बॅट शेजारच्या पोराला देऊन आला. लोक म्हणायचे, काय पोर आहे! आणि अभयच्या मनात मात्र दुसरंच टोचत राहायचं. दुसऱ्यांची पोरं दुकानात लोळण घेतात, बापाची पँट ओढतात, एका खेळण्यासाठी रस्ता डोक्यावर घेतात. या पोराने कधी काही मागितलंच नव्हतं. तान्हा असतानासुद्धा दूध उशिरा मिळालं तर छताकडे बघत पडून राहायचा. त्याचं नाव संयम ठेवलं ते आत्याने, नावं काय ठेवतातच अशी. पण आता अभयला वाटायचं की आपण नाव ठेवलं का हुकूम काढला? महाराज विहार करत धुळ्याकडे गेले, आणि नंतर स्थानकाच्या संघातली चार मोठी माणसं घरी येऊन बसली. अभयजी, तुमच्या घरात रत्न आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, त्याला वैरागी म्हणून महाराजांसोबत पाठवा. चार वर्षं त्यांच्याबरोबर राहील, शिकेल, चालेल, मग दीक्षा. जबरदस्ती कुणाची नाही, मुलाची इच्छा आहेच. फक्त तुमची आज्ञा हवी, बापाच्या आज्ञेशिवाय महाराज पाऊल टाकत नाहीत. सगळे अभयच्या तोंडाकडे बघायला लागले. अभय म्हणाला, "बघू."

बघू हा त्याचा धंद्याचा शब्द. पाइप-फिटिंगचं दुकान, वडिलांनी उभं केलेलं, आणि वडिलांची शिकवण एकच: गिऱ्हाईकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. माल नसला तर म्हणायचं, बसा, चहा घ्या, संध्याकाळपर्यंत मागवून देतो. सावद्या-फैजपूरकडचा केळीवाला शेतकरी कंपनीने बंद केलेला वॉल्व्ह मागत आला तरी अभय म्हणायचा, बघू, होऊन जाईल. तारुण्य सगळं गल्ल्यावर गेलं आणि जीभ अशी घडली की नकार घशाच्या वर येतच नसे. शिवाय लहानपणापासून कानावर पडलेलं दुसरं एक भय होतं. दुसऱ्याच्या धर्माच्या वाटेत आडवं येणं म्हणजे अंतराय कर्म, त्याचं फळ जन्मोजन्मी. एकदा दुपारी कपाटातले कपडे लावता लावता हिना म्हणाली होती, "मी नाही म्हटलं तर म्हणतील आईचा मोह. बापाने म्हटलं तर ऐकतात. तुम्ही म्हणा ना." तिने त्याच्याकडे बघितलं नव्हतं, संयमचा शर्ट घडी घालत होती, घडी घालून परत उलगडत होती. "तुला पाहिजे का त्याने जावं?" अभयने विचारलं. "मला विचारू नका. मला अभिमानही वाटतो आणि रात्रभर छातीत धडधडतही राहतं. मी काय सांगू?" त्यावरही अभय बघूच म्हणाला होता. स्वतःच्या बायकोला! गिऱ्हाईक असल्यासारखं.

पण तळवे बघितले त्या दिवशी तो आईसमोर जाऊन बसला. आईला तो लहानपणापासून बाई म्हणत आलेला. बाईंचं त्या वर्षी वर्षीतप चालू होतं, म्हणजे एक दिवस कडक उपास, एक दिवस जेवण, असं अख्खं वर्ष, आणि पारणं आखाजीला धुळ्यात, महाराजांसमोर, उसाच्या रसाने. बाई सुकून काटकी झाल्या होत्या, पण आवाजाला धार होती. "बाई," तो म्हणाला, "त्याग कुणी करायचा? ज्याच्यापुढे ताट भरलेलं आहे त्याने. भरल्या ताटावरून उठला तर त्याग. याला काय सोडतोय तेच ठाऊक नाही. याचं ताटच अजून वाढलेलं नाही." इतकं सलग तो आईपुढे आयुष्यात बोलला नव्हता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाईंनी माळ थांबवली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि रागावल्या नाहीत, उलट हसल्या. "खरं आहे तुझं. मग वाढ ना. तुझा हात कुणी धरलाय?" संयम दारातच उभा होता, त्याने हे ऐकलं असणार. अभय उठला तेव्हा त्याला एकदम मोकळं मोकळं वाटत होतं. नकार द्यायचा नव्हता, माल मागवायचा होता! ते त्याला येत होतं.

काय मागवायचं याचा विचार त्याने दुकानात बसून केला. सायकल? शेजारच्याला देऊन टाकेल. खेळणी? मंदबुद्धी असल्यासारखा बघत राहील. मोबाइलवर फोटो चाळता चाळता त्याला एका परदेशी घराचं मागचं अंगण दिसलं. हिरवळ, त्यात लाकडी मचाण, मचाणाला शिडी, एका बाजूने घसरगुंडी, दुसऱ्या बाजूला झोके. जमिनीत रोवलेलं. कुणाला देऊन टाकता येणार नाही असं. बोट त्या फोटोवर थांबलं आणि एकाएकी त्याला एक जुना झोका आठवला. तो संयमएवढा असताना वडिलांबरोबर सावद्याला गेला होता, झिपरू पाटलांच्या मळ्यात मोटार बसवायची होती. आखाजीचे दिवस. मळ्यातल्या निंबाला जाड दोराचा झोका बांधलेला, माहेरी आलेली पाटलांची लेक लताबाई त्यावर उभी राहून आभाळात जात होती, खाली बायका गात होत्या. तिने याला बघितलं. "बस ना रे शेटच्या पोऱ्या, भेतो का काय?" आणि फळीवर बसवून असा दणका दिला की पाय वर, निंबाचा पाला तोंडावर, केळीच्या पानांच्या वरून पलीकडची दुसरी केळी दिसली, आणि परत येताना पोटात जो गोळा उठला तो नुसती भीती नव्हती. नुसता आनंदही नव्हता. आपण आहोत, इथे आहोत, असं पोटाला कळलं होतं. मग वडिलांची हाक आली, "उतर, कपडे मळतील." तो उतरला. पुढे लग्न झालं, बाप झाला, धंदा वाढला, पण तो गोळा काही पुन्हा उठला नाही. अभयला वाटलं, पोराला हे एकदा द्यायचं. एकदा पोटात गोळा उठू दे त्याच्या. मग जायचं तर जा म्हणावं.

घ्यायचं ठरवणं सोपं, निवडणं महाकठीण. प्लास्टिकचं बघितलं, रंगीत, गोंडस, पण अभय पाइपवाला माणूस, जळगावच्या उन्हात प्लास्टिकचं काय होतं ते त्याला पाठ होतं. दोन उन्हाळ्यांत पांढरं पडून बिस्किटासारखं मोडतं. लाकडी उत्तम, पण लाकडाला वाळवी येणार, वाळवीला औषध मारावं लागणार, आणि या घरात वाळवीला औषध मारतात का! बाईंनी एकदा पुस्तकांचं कपाट तसंच सोडून दिलं होतं वाळवीला. राहिलं लोखंड. मग त्याने लोटन मिस्तरीला बोलावलं. लोटन धुळ्याकडचा, गेट-ग्रिल बनवणारा, अहिराणी बोलणारा, आणि तोंड अखंड चालू. फोटो बघून म्हणाला, "हाई काय शे भाऊ! दोन दिनमा व्हई जाई. तुमना पोऱ्याना पोऱ्या बी खेयतीन यावर." पोऱ्याचे पोऱ्या म्हटल्यावर अभय उगाच दुसरीकडे बघायला लागला. दोन दिवस म्हणाला आणि दोन आठवडे लावले. मोजमाप स्वतःच्या पुतण्याच्या उंचीवरून घेतलं, घसरगुंडीचं तोंड नेमकं पश्चिमेला केलं, आणि वर म्हणाला, "भाऊ, संध्याकायना उजेड भारी पडी." रंग कोणता विचारलं तेव्हा अभय म्हणाला, सगळे. लाल, निळा, पिवळा, जेवढे आहेत तेवढे मार.

आणि परसात खड्डे खणायला सुरुवात झाली तसा संयम येऊन उकिडवा बसला. अभयला हर्ष झाला. आलं, पोर आलं! जवळ जाऊन बघतो तर त्याच्या हातात पोस्टकार्डाचा तुकडा, आणि कुदळीच्या मागोमाग तो मातीतले किडे, मुंगळे, एक गांडूळ, हलक्या हाताने उचलून जास्वंदीच्या मुळाशी नेऊन ठेवत होता. "पप्पा, काकांना सांगा ना थोडं थांबून थांबून मारायला." लोटन कुदळ टेकून हसायला लागला, "भाऊ, तुमना पोऱ्या मनं काम बंद पाडी!" पण थांबला बिचारा, थांबून थांबून खणत राहिला. संध्याकाळी हात धुताना संयम म्हणाला, "माझ्यासाठी करताय ना पप्पा? मग याचा दोष मला लागेल," आणि तो आत जाऊन त्या मेलेल्या जिवांसाठी क्षमा मागत बसला. अभय परसात उभा राहिला. शरम वाटावी की राग यावा, कळेना. आपण पोराला आनंद द्यायला निघालो आणि पहिली गोष्ट दिली ती पाप.

तयार झाल्यावर गल्लीतली पोरं आली, अक्षरशः तुटून पडली. आरडाओरडा, ढकलाढकली, कुणाचं ढोपर फुटलं, कुणाची चड्डी फाटली. अभय मुद्दाम दुकानातून लवकर आला आणि मागच्या दाराच्या जाळीतून बघत राहिला. संयम शिडी चढून मचाणावर गेला. संयमने मचाणावर आसन पसरलं, तोंडाला साधूंसारखी मुहपत्ती बांधली आणि मांडी घालून डोळे मिटले. खाली पोरांचा गोंधळ, वर हा. मचाण उंच आहे, वाऱ्याला आहे, सामायिकाला, ध्यानाला बसायला, छान आहे, असं त्याने नंतर आईला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तर खालची पोरंही महाराज-महाराज खेळायला लागली. संयम वर बसून गोष्टी सांगायचा, ती खाली रुमाल बांधून बसायची, आणि बाई खिडकीतून बघून डोळे पुसायच्या. "तू पाट केलास रे त्याच्यासाठी," त्या अभयला म्हणाल्या, "प्रवचनाचा पाट." घसरगुंडीची तर आणखीच तऱ्हा. पश्चिमेचं तोंड, दुपारनंतर पत्र्याला हात लावायची सोय नाही. एका दुपारी अभयने बघितलं, संयम त्या पत्र्यावर तळहात टेकून उभा, ओठ आवळलेले. ऊन सोसण्याचा सराव! अभयने धावत जाऊन त्याला ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला. संयम मागे सरला नाही. गाल पुढे करून शांत उभा राहिला, जणू हेही सरावातलंच. अभयचा हात आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी केळीच्या रोपांवर लावतात तसली हिरवी जाळी आणून त्याने सगळ्या परसावर ताणली आणि घसरगुंडीवर गोणपाट टाकून दिलं.

पण झोका राहिला होता. झोक्यावर कुणी चढून बसत नाही सामायिकाला. परीक्षा संपल्या त्या दिवशी, सूर्य अजून मावळायचा होता, घरात सगळ्यांची जेवणं झाली होती, अभय स्वतः जाऊन झोक्यावर बसला. पोट सुटलेला, चष्मेवाला माणूस. साखळ्या करकरल्या. त्याने पायाने रेटा दिला, आणि खरंच, अगदी थोडासा, तो गोळा हलला. "पप्पा, तुम्ही?" संयम दारात उभा. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, बाप बावळट दिसला की पोरांच्या चेहऱ्यावर येतं तसं. "ये ना," अभय म्हणाला. "नको." "अरे मला एकट्याला लाज वाटते. माझ्यासाठी ये." माझ्यासाठी म्हटल्यावर ते पोर आलं. दुसऱ्याला नाही म्हणणं त्यालाही येत नव्हतं. शेवटी रक्त कुणाचं! अभयने त्याला बसवलं, मागे उभा राहिला, आणि पाठीला हात लावला. केवढीशी पाठ. हाडं लागत होती हाताला. पहिला रेटा हलका दिला, दुसरा थोडा जोरात, तिसऱ्याला संयमने साखळ्या घट्ट धरल्या, चौथ्याला त्याच्या तोंडून आवाज निघाला. अभयने तो आवाज यापूर्वी ऐकलाच नव्हता. हसण्याचा होता. पोटातून, अडखळत, उचकी लागल्यासारखा. "पप्पा! पोटात कसंतरी होतंय!" "होऊ दे!" "थांबवू नका!" थांबवतोय कोण! अभय रेटत राहिला, घामाने निथळला, हात भरून आले, हिना पदर सावरत दारात आली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली, आणि हिरव्या जाळीपर्यंत पाय नेणारा तिचा मुलगा आणखी, आणखी जोरात, असं ओरडत होता. त्याने मागितलं होतं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

मग रोजच. शाळा नव्हती, सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर, संयम झोक्यावर. स्वतःचा स्वतः रेटा घ्यायला शिकला, उभ्याने घ्यायला शिकला, साखळ्यांना पीळ देऊन गरगर फिरायला शिकला. एकदा अंधार पडू लागला तरी उतरेना, हिनाला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा तिने अभयकडे असं बघितलं की दोघांनाही हसू आवरेना. गच्चीवरच्या फेऱ्या कमी झाल्या. तळव्यांचे फोड वाळले, त्यांच्या जागी नवी कातडी आली. अभय दुकानात गिऱ्हाइकाला चहा पाजताना मध्येच स्वतःशी हसायचा. संघातलं कुणी भेटून म्हणालं, अभयजी, आखाजी जवळ आली, तर तो बघू म्हणायचा, पण आता त्या बघूत जोर होता. आखाजीला धुळ्यात सगळ्यांसमोर सांगायचं, पोर अजून खेळतंय, खेळू द्या. वाक्य त्याने पाठ करून ठेवलं होतं. आरशासमोर दाढी करताना म्हणूनही बघितलं. बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

आखाजीच्या सकाळी गाडी धुळ्याकडे निघाली. बाई मागे, पारण्याच्या आनंदात, शेजारी हिना, पुढे संयम. वाटेतल्या गावांत निंबांना झोके लागलेले, नव्या साड्यांतल्या लेकी रांगेने उभ्या. संयम काचेला नाक लावून बघत होता. "आपल्याहून उंच जातोय तो," तो म्हणाला. अभयला गाडी हवेत चालल्यासारखी वाटली. धुळ्याला स्थानकाच्या मांडवात गर्दी मावेना. महाराजांनी बाईंना ओळखलं, संयमला ओळखून हसले. बाईंनी उसाचा रस घेतला, नातवाच्या हातून, आणि मांडवात आनंदाचा कल्लोळ झाला. मग रीतीप्रमाणे तपस्विनीच्या तपाची अनुमोदना म्हणून घरातल्या एकेकाने काहीतरी सोडायचं होतं. वस्तू-पैसे देतात तसा त्यागाचा अहेर. पारण्यासाठी आलेल्या हिनाच्या भावाने महिनाभर चहा सोडला. लोक हसले. हिनाने वर्षभर नवी साडी सोडली. अभयने उठून बटाटा सोडला, कारण बटाटा तो खातच नव्हता फारसा, आणि बसताना त्याने ते पाठ केलेलं वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं. आता संघाचे लोक विचारतील, आता सांगायचं. तेवढ्यात संयम उभा राहिला. हात जोडून, स्पष्ट आवाजात म्हणाला, "मला झोक्याचा त्याग द्या. जावज्जीव." जावज्जीव म्हणजे जीव असेपर्यंत.

महाराज पुढे वाकले. "झोका? झोकाच का रे?" "मला सगळ्यात जास्त तोच आवडतो," संयम म्हणाला. "आधी मला काहीच आवडायचं नाही. मी जे सोडायचो ते मला नकोच असायचं. पप्पा दादीला म्हणाले होते, भरल्या ताटावरून उठलं तर त्याग. मग पप्पांनी ताट वाढलं." लोकांतून कौतुकाचा हुंकार निघाला. बाईंनी तोंडाला पदर लावला. महाराज मात्र हसले नाहीत. ते हळू म्हणाले, "अजून लहान आहेस. महिन्याभराचा घे." "महिना झाला की परत बसावंसं वाटेल, महाराजसाहेब. जावज्जीव द्या." महाराजांनी मान उचलून गर्दीत अभयला शोधलं. "वडिलांना विचार. ते हो म्हणाले तर देतो." आणि संयम वळला. "पप्पा?"

सगळा मांडव वळला. अभय उठून उभा राहिला. पाठ केलेलं वाक्य शोधू लागला, ते होतं, जिभेवर होतं, पोर अजून खेळतंय, खेळू द्या. पण त्या वाक्याला आता कुठे उभं राहायला जागाच नव्हती. त्याचं एकच म्हणणं होतं जगात, आणि ते पोराने पूर्ण करून त्याच्यापुढे ठेवलं होतं. शेजारी हिना मान वर करून त्याच्याकडे बघत होती, ओठ किंचित हलत होते, म्हणा, म्हणा. अभयने तोंड उघडलं. मांडवाबाहेर कुठेतरी रसाच्या गुऱ्हाळाची घंटा वाजत होती. पोर वाट बघत होतं, अगदी विश्वासाने, माल आहेच म्हणून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखं. "हो," अभय म्हणाला.

मग काय, जयजयकार. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, असा बापही धन्य आहे, कुणी म्हणालं, आता त्याला पाठवायची आज्ञा वेगळी कशाला विचारायची, झालीच की. महाराजांनी डोळे मिटून पाठ म्हटला आणि संयमने हात जोडून तो त्याग घेतला. हिना उठून गेली, कुठे गेली ते अभयला दिसलं नाही. संयम परत येऊन बापाच्या मांडीला मांडी लावून बसला, ताठ, समोर बघत. अभयने बघितलं तर त्याची हनुवटी थरथरत होती, आणि मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, हट्ट करून थकलेल्या कुठल्याही पोरासारखं, नाकातून, तोंडातून, शर्टाच्या बाहीवर. लोकांना ते भावभक्तीचे अश्रू वाटले. बाया लांबूनच हात जोडत होत्या. संयमने बापाच्या कानाशी तोंड नेलं. "पप्पा," तो हुंदके गिळत म्हणाला, "रडलं तर त्याग मोडतो का?"

अभयला खरंच माहीत नव्हतं. त्याने पोराचा हात हातात घेतला आणि काही सांगण्याआधीच संघाची मोठी माणसं अभिनंदनाला येऊन उभी राहिली, तेव्हा त्याला तो हात सोडून त्यांच्यापुढे हात जोडावे लागले.